अगं, आबा आहेत अजून!

आलेलं पत्र थोडक्यात देते. "आक्का, मी पुण्यात असते, वय ३८. माझं सगळं लहानपण कोल्हापुरात गंगावेशीत आबांच्या, म्हणजे आजोबांच्या मागं मागं फिरण्यात गेलं. ते मला दूध कट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढून ताजं दूध देतात तिथं, न्यायचे, खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे, एवढ्या गड्यांत मी एकटीच पोरगी असायची. पुढच्या महिन्यात त्यांना ९० पूर्ण होणार म्हणून मी आठवणींचा व्हिडिओ करतेय. दिवाळीला राजारामपुरीत सासरी आले होते तेव्हा खासबाग, रंकाळा शूट करून ठेवलाय, मागं बासरी लावलीये. जुने फोटो काकांकडं आहेत पण चुलत भाऊ देत नाही. चार मेसेज केल्यावर म्हणतो, 'फोटो काय करालीस, ये की हिकडं.' आबा हल्ली कुणाला ओळखत नाहीत, मला ते बघवत नाही म्हणून दोन वर्षं मी गेले नाहीये. पण हे टोमणे कशाला? भावाला कसं समजवू?"

भावाचं राहू दे गं. तुझं पत्र वाचताना मला वाटलं आबा गेलेत. न्यायचे, असायचे, मागं बासरी बिसरी, मी मनातल्या मनात हात जोडले पण होते, आणि मग खाली खाली एक ओळ आली की ते ओळखत नाहीत म्हणून मी जात नाही. म्हणजे माणूस काकांच्या घरात कॉटवर बसलाय, सकाळी चहा पितोय, आणि तू त्याच्या आठवणींचा व्हिडिओ करालीस! दिवाळीत तू खासबागेत उभी होतीस मोबाईल धरून, तिथनं गंगावेस रिक्षानं दहा मिनिटं, फार तर महाद्वार रोडला गर्दी असेल तर पंधरा. रिकाम्या मैदानाचं शूटिंग केलंस आणि परत गेलीस. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

'बघवत नाही' म्हणतेस. ज्यांना रोज बघावं लागतंय त्यांना कुणी विचारलं नाही बघवतंय का म्हणून. पण ते जाऊ दे, त्यावर भाषण देत नाही. तुला भीती कशाची वाटते ते मला माहितीये, तू दारात जाणार, "आबा, मला ओळखलंत का?" विचारणार आणि ते नाही म्हणणार. मग नको ना विचारू! ती परीक्षा आहे, आणि नापास झालं की त्यांनाही कळतं काहीतरी चुकलं, बावरतात बिचारे. सरळ शेजारी बसायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "आबा, मी आलेय, मोठ्याची पोरगी." झालं.

माझीच एक गोष्ट सांगते. माझी आत्या शेवटी शेवटी मला माझी आई समजायची. मी दर वेळी दुरुस्त करायची, अगं मी ती नव्हे, मी तिची लेक, आणि ती गप्प व्हायची. असं वर्षभर चाललं. एकदा मी कंटाळून नुसतं 'हं' म्हटलं, तर आत्या इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "वैनी, त्या दिवशीचं दूध मांजरानं नाही, मी सांडलं होतं." आणि मग पुढं अर्धा तास आई नवी नवरी असतानाच्या अशा अशा भानगडी सांगितल्या की मी हसून हसून लोळले. वर्षभर त्या बाईला मी गप्प बसवत होते.

या विसरायच्या आजारात ताजं आधी पुसलं जातं गं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण तरुणपणचं बऱ्याचदा पुष्कळ शिल्लक असतं. तुझे आबा ९० चे, म्हणजे श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले तेव्हा, १९५९ ला, ते तेवीस-चोवीसचे असणार, आणि कुस्तीचा एवढा नाद असलेला माणूस! ते वर्ष त्यांच्यात कुठंतरी असेल बघ. तू फक्त म्हण, "आबा, खंचनाळे कसे लढायचे ओ?" आणि गप्प बस. बोलले तर ऐक, चुकीचं सांगितलं, दोन कुस्त्या एकात मिसळल्या, तरी मान हलव. तुला खासबागेतल्या पोरीची गोष्ट हवीये, त्यांना कदाचित तू जन्मायच्या आधीचं खासबाग दिसत असेल. तिकडं जाऊन बस की त्यांच्याबरोबर.

आणि ती बासरी काढ आधी. कोल्हापुरात कुस्तीला बासरी कुणी वाजवली होती? मोबाईलवर हलगी-घुमकं लाव, आवाज बारीक ठेव, मोठा लावून दचकवू नको. नाव-चेहरा गेला तरी ताल बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकतो. बोटं हलतात का बघ. मांडीवर शड्डू पडला तर मला फोन कर, रात्री बारा वाजले तरी चालेल.

जायचं सकाळी. संध्याकाळ झाली की अशा माणसांचा गोंधळ बऱ्याचदा वाढतो, मग तू म्हणशील बघा, मी सांगत होते. जाताना कट्ट्यावरनं म्हशीचं दूध घेऊन जा, पण धारोष्ण पाजू नको या वयात, काकूला तापवून दे म्हण, आणि गिळायला त्रास होतो का तेही तिलाच आधी विचार. फेस राहणार नाही वर. नसू दे. लहानपणी तुझ्या दुधाच्या मिश्या त्यांनीच पुसल्या असतील ना धोतराच्या सोग्यानं, आता रुमाल तू घेऊन बस.

पुढचा महिना बिहिना नाही, वाढदिवसाला घरभर माणसं असतील, त्यांना कावरंबावरं होईल. या शनिवारी जा. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून गाडी पकडलीस तर पहाटे पोचतेस. राजारामपुरीत बॅग टाकायला पण जाऊ नको, सासूबाई जेवायला बसवतील आणि दुपार तिथंच होईल.

भावाला एवढाच मेसेज टाक, "शनिवारी सकाळी येते, नाष्ट्याला थांब." फोटोचं नाव काढू नको. मिसळ आणेल बघ तो, कट जास्त घालून.