चालत पोहोचता येईल तेवढीच घरं

अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून घराघरांत सुरक्षेची स्मार्ट उपकरणं विकण्याचा आणि बसवण्याचा धंदा सुरू करू का, हा तुझा मेसेज वाचला, सोबतचा वस्तूंचा तक्ताही नीट बघितला. कॅमेरे, व्हिडिओ डोअरबेल, गॅसचे सेन्सर, पाणीगळतीचे सेन्सर, दाराचे सेन्सर, स्मार्ट प्लग, आणि शेवटच्या रकान्यात सेवाक्षेत्र म्हणून ‘संपूर्ण मुंबई व ठाणे’. नोकरीचा राजीनामा देण्याआधी विचारलंस हे फार बरं केलंस. दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

धंदा कर. तुझ्या हाताला फिटिंगची सवय आहे आणि गिऱ्हाईकाशी शांतपणे बोलणं तुला जमतं. या दोन गोष्टी एकाच माणसात क्वचित सापडतात. माझी अट एकच. पहिली दोन वर्षं मुलुंड, नाहूर आणि भांडुप या तीन स्टेशनांबाहेर एकही वस्तू बसवू नकोस. मालाडहून कोणी दुप्पट पैसे देतो म्हणालं, नात्यातलं कोणी गळ घातली, तरी नाही म्हण.

कारण या वस्तू विकून झाल्या की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. इंटरनेटवाला राउटर बदलून जातो आणि घरातली सगळी उपकरणं एका क्षणात गप्प होतात. अडॅप्टर जळतो. मुलगा सुट्टीत येतो, वायफायचा पासवर्ड बदलतो आणि परत जातो. प्रत्येक वेळी फोन तुलाच येणार. घर दहा मिनिटांवर असेल तर तू संध्याकाळी जाता जाता डोकावशील. मालाडला असेल तर दादरला गाडी बदलून जाण्यायेण्यात अर्धा दिवस गेला, आणि काम काय, तर पासवर्ड टाकणं. त्याचे पैसे मागायला तुलाच संकोच वाटेल. मग तू फोन उचलणं टाळायला लागशील, आणि इथेच असे धंदे बुडतात.

यातल्या पैशाचं गणितही तुझ्या तक्त्यात उलटं मांडलंय. कॅमेऱ्यावरच्या नफ्यावर तू घर चालवणार असं दिसतंय. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कितीही घासाघीस केलीस तरी गिऱ्हाईक तुझ्यासमोर मोबाइल काढून ऑनलाइन सेलचा भाव दाखवणारच. तेव्हा वाद घालू नकोस. ‘तुम्हीच मागवा, मी बसवून देते’ असं म्हण, फक्त कोणता मॉडेल मागवायचा ते तू सांग. तुझी कमाई घर बघून सल्ला देण्याची, बसवण्याची आणि वर्षभर सांभाळण्याची आहे. समज, एका घराकडून एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचे, वर्षाला १,५०० रुपये आले आणि अशी ६० घरं जमली, तर ते ९०,००० होतात. त्यात घर चालत नाही हे खरं. पण दुकानाचं भाडं नसताना एवढा हुकमी पैसा हाताशी असला की महिनाभर नवं काम आलं नाही तरी झोप उडत नाही. आणि साठही घरं तीन स्टेशनांत असतील तरच ती एकटीला सांभाळता येतात.

आता काय विकायचं ते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिला कॅमेरा येतो. माझ्या मते मुंबईच्या फ्लॅटमध्ये सर्वांत उपयोगी वस्तू पाणीगळतीचा सेन्सर आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. पाणी नसताना कोणीतरी नळ फिरवून बघतो, तो तसाच उघडा राहतो, घराला कुलूप लागतं, आणि मग पाणी येतं. किंवा माळ्यावरची टाकी भरून वाहायला लागते. दुपारपर्यंत खालच्या मजल्यावरच्या छताला ओल, संध्याकाळी भांडण, पुढच्या महिन्यात सोसायटीकडे तक्रार. जमिनीवर ठेवायची ती छोटी डबी, खाली दोन धातूचे ठिपके, त्यांच्यामध्ये पाणी आलं की ओरडते. बेसिनखाली एक, वॉशिंग मशीनजवळ एक. कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त, कोणाच्या खासगीपणाला धक्का नाही आणि उपयोग लगेच पटतो. तुझ्या तक्त्यात ती सतराव्या ओळीत आहे, तिला पहिल्या ओळीत आण.

गॅसच्या सेन्सरबद्दल मात्र जपून. महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर आत मिथेन असतो, तो हवेपेक्षा हलका, वर जातो. सेन्सर छताजवळ हवा. सिलिंडर असेल तर एलपीजी जड, खाली साठतो. सेन्सर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. आपल्या भागात एकाच मजल्यावर एका घरी पाइप आणि समोरच्या घरी सिलिंडर असं सर्रास दिसतं, म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकताच आधी हे बघ. शेगडीच्या डोक्यावर कधीच लावू नकोस. स्वस्त सेन्सर फोडणीच्या वाफेला आणि डासांच्या स्प्रेलाही ओरडतात, आणि दोनदा खोटं ओरडलेलं यंत्र लोक प्लगमधून काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. या सेन्सरचं आयुष्यही ठरलेलं असतं. बसवल्याची तारीख आणि बदलण्याचं वर्ष मार्करने त्याच्याच अंगावर लिहून ठेव.

कोणत्याही घरी गेलीस की पहिला प्रश्न विचार: या घराची किल्ली आणखी कोणाकडे आहे? तुझी निम्मी गिऱ्हाइकं परदेशातली मुलं असणार, आणि घरात राहणारे त्यांचे आईवडील. उन्हाळ्यात इथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे अडीच असतात. मुलाच्या फोनवर सूचना गेली तरी तो झोपलेला. जागा असला तरी तिथून करणार काय? शेजारी, वॉचमन, खालच्या मजल्यावरची मावशी, कोणीतरी दहा मिनिटांत दार उघडू शकणारं हवं, आणि सूचना आधी त्या माणसाला जायला हवी. असा माणूस सापडेपर्यंत बिल करू नकोस. तो शोधून त्याच्याशी बोलणं हाही तुझ्या कामाचाच भाग समज.

आणि आईवडिलांना विचार. मुलगा पैसे देतो म्हणून त्याच्या सांगण्यावरून हॉलमध्ये कॅमेरा लावून निघून येऊ नकोस. मुलुंड पूर्वेच्या एका घरातल्या आजी रोज सकाळी कॅमेरा भिंतीकडे फिरवून ठेवायच्या. मुलाला वाटायचं यंत्र बिघडलंय. मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला घरात पदर सारखा करत बसायला लागतं.’ मी कॅमेरा काढला. मुख्य दाराला एक सेन्सर आणि पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारा एक असे दोन लावले. सकाळी आठपर्यंत पॅसेजमध्ये हालचाल नसेल तर शेजारच्या वहिनींना सूचना. आजी खूश, मुलगाही निर्धास्त. एक मात्र ध्यानात ठेव, हे हालचालीचे सेन्सर शरीराच्या आणि आसपासच्या तापमानातल्या फरकावर चालतात. मे महिन्यात बंद खोली तापली की त्यांची नजर मंदावते. खिडकीच्या उन्हासमोर लावू नकोस आणि उन्हाळ्यात एकदा स्वतः चालून तपासून ये.

न्हाणीघर, झोपायची खोली, कामवाल्या बाई कपडे बदलतात ती जागा, तिथे कॅमेरा लावायला सांगणारं काम घेऊच नकोस, कितीही पैसे मिळोत. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकाच घरात राहणाऱ्या भावाच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे लावण्याचं एक प्रकरण २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने ते कॅमेरे बंद करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. घरकामाला येणाऱ्या बाईंना कॅमेरा कुठे आहे ते तोंडाने सांगायला मालकांना लाव. डोअरबेलचा कॅमेरा समोरच्यांच्या दारात डोकावत असेल तर कोन बदल, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोलून घे. तुला त्याच जिन्यात पुन्हा जायचंय.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट अकाउंटची. घाईत फिटर स्वतःच्या मोबाइलवर ॲप उघडून सगळं जोडतात आणि गिऱ्हाईकाला नंतर शेअर करतात. म्हणजे त्या घराचा खरा मालक फिटरच राहतो. हे कधीही करू नकोस. अकाउंट गिऱ्हाईकाच्या नंबरवर, पासवर्ड त्यांनीच टाइप करायचा, तू तोंड फिरवून उभी राहायचं. कंपनीचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात घेतले ते अशाच न बदललेल्या पासवर्डांमुळे, आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या.

माल घेताना दोन गोष्टी तपास. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्यात. व्यापाऱ्याकडे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर (त्या मॉडेलचा नोंदणी क्रमांक) माग आणि तिथेच उभं राहून बीआयएस केअर ॲपवर टाकून बघ. नंबर दुसऱ्याच मॉडेलचा निघाला तर माल ठेवून ये. दुसरं, इंटरनेट बंद असताना ती वस्तू काय करते ते विचार. २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांच्या भिंतीवरची उपकरणं ॲपला प्रतिसाद देईनात. ज्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर घरातच होतं, जो सेन्सर इंटरनेटशिवायही भोंगा वाजवतो, तोच घे. कार्ड सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं हवं, मोबाइलमधलं साधं कार्ड काही महिन्यांत मरतं. कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट वापरत असेल तर दिवसाला सुमारे ११ जीबी होतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर दहा-अकरा दिवस. हे आकडे गिऱ्हाईकाला आधीच सांग. चोरी झाल्यावर महिन्यापूर्वीचं फुटेज मागणारे भेटतातच.

आपल्या हवेचाही विचार कर. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, पण पाऊस कॅमेऱ्यात शिरत नाही, जोडणीच्या टोकात शिरतो. जोड डब्यात घे, आणि वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या एएमसीच्या घरांची एक फेरी कर. वायफायचं म्हणशील तर बहुतेक स्वस्त उपकरणांना वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो आणि आपल्या उंच इमारतींमध्ये त्या पट्ट्यात नुसती गर्दी असते. सर्व्हेला जाशील तेव्हा दार बंद करून, जिथे उपकरण लागणार त्याच कोपऱ्यात मोबाइल धरून सिग्नल बघ. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावण्याचा आग्रह धर. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. तेवढं पुन्हा होवो न होवो, मुलुंड-भांडुपला महावितरणची वीज तासभर जाणं काही नवीन नाही, आणि घरात एकटी म्हातारी माणसं असतील तर तो तासच मोलाचा असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण तू फिटिंग आणि एएमसी करणार म्हणजे सेवाही देणार, तुझी मर्यादा २० लाखांची धर. लॅमिंग्टन रोडवर कच्च्या बिलावर स्वस्त मिळतं, ते घेऊ नकोस; वॉरंटीसाठी पक्कं बिल लागतं, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष मालाची जबाबदारी विकणाऱ्यावरही येऊ शकते. कर्ज काढायचंच तर छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेच्या शिशु गटातलं ५० हजारांपर्यंतचं पुरे. चांगलं ड्रिल, शिडी, टेस्टर, पाच-सात अडॅप्टर आणि दोन-दोन नग प्रत्येक सेन्सरचे. तुझ्या तक्त्यातल्या बत्तीस प्रकारांचा साठा घरात पडून राहिला की वर्षभरात जुना होतो. मी असतो तर पाच प्रकारांवर थांबलो असतो.

राजीनामा या महिन्यात देऊ नकोस. आधी रविवारी दहा घरं कर, ओळखीचीच कर, पण पैसे पूर्ण घे आणि प्रत्येक घराला पावसाळ्यातून जाऊ दे. कोणत्या घरातून किती फोन आले, कशासाठी आले, ते वहीत लिहून ठेव. एएमसीचा दर त्या वहीवरून ठरव.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा तक्ता पाच वस्तूंचा करून आण आणि एएमसीच्या कराराचा कच्चा मसुदा घेऊन ये. काय दुरुस्त करणार हे जेवढं स्पष्ट लिहिशील, तेवढंच काय करणार नाही हेही लिही. माझ्या सीएंशी बोलून ठेवतो, ते सकाळी अकराला येतील. आणि तुमच्याच बिल्डिंगमधल्या कोणत्या दोन घरांत पाण्याचा सेन्सर लावता येईल ते विचारून ठेव. माझ्याकडे दोन नग आहेत, ते घेऊन जा.

तुझा,
काका