जमैकात शेळ्यांच्या नोकरीवर येऊ का, असं विचारणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना

डॉक्टर, जमैकात शेळीपालन आणि मटण प्रक्रियेच्या प्रकल्पावर नोकरी चालून आलीय, बायको-लेकीला घेऊन यावं का, असं विचारलंत. व्हिसा, वर्क परमिट सरकारी वेबसाइटवर सापडेल. लेकीच्या दाखल्यावरचं मधलं नाव बापाचं असतं, हे खिडकीखिडकीवर समजावताना जीव कसा मेटाकुटीला येतो, ते मात्र तिथं नसतं. एका बाईंनी तर ही मुलगी तुमचीच कशावरून, असंही विचारलं. असो.

कामाचं सांगतो. इथं करी गोटशिवाय समारंभ नाही, आणि मयतानंतरच्या नाइन नाइटला, म्हणजे नवव्या रात्रीच्या जागरणाला, बोकडाच्या मुंडी-पाय-आतड्यांचं मॅनिश वॉटर नावाचं सूप लागतंच. तरी बरंचसं मटण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून गोठवून येतं. प्रकल्पवाले तुम्हाला बोअर या मटणासाठीच्या जातीच्या बोकडाची वजनं ऐकवतील. पण अडलंय ते जातीपाशी नाहीच! टी. पी. लेकी या इथल्याच शास्त्रज्ञांनी याच बेटावर जर्सी, साहिवाल, होल्स्टीनच्या संकरातून जमैका होप गाय घडवली, १९५२ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली. पुढं १९९० च्या दशकात आयात खुली झाली, परदेशी अनुदानावरची स्वस्त दूध पावडर आली आणि इथल्या दूधवाल्यांचा धंदा बसला. गाय तीच होती.

शेळीचं खरं दुखणं म्हणजे चोरी. रातोरात गाडीच्या डिकीत कोंबून नेतात. विकणाऱ्याकडं नोंदणीकृत शेतकऱ्याची पावती हवी असा नियम आहे, पण रस्त्याकडेला मटण घेताना ती मागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. म्हणून शेतकरी मोजक्याच शेळ्या डोळ्यांसमोर बांधतो आणि सणासुदीला, अडीनडीला विकतो. कत्तलखान्याला मात्र दर आठवड्याला एकसारख्या वजनाचे बोकड लागतात, माँटेगो बे या पर्यटकांच्या शहरातल्या हॉटेलांनाही तेच हवं. बोकड आले नाहीत तरी शीतगृहाचं बिल चुकत नाही, आणि वीज इथं महाग. मुलाखतीत यंत्रांची क्षमता विचारत बसू नका. बोकड कोण देणार, कोणत्या महिन्यांत, राखण कुणाची, हे विचारा. शिवाय विम्याचंही. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं, २०२५ च्या ऑक्टोबरात मेलिसा. सेंट एलिझाबेथ परगण्याकडच्या लोकांनी पत्रे पुन्हा बसवले नाहीत तोच पुन्हा उडाले. जंतांचं तुम्हाला काय सांगायचं, पावसाळ्यात शेळ्यांचं रक्त कमी झालंय का, ते पापण्या उलटून बघण्यातच सकाळ जाते.

एकटेपणा येतो नि जातो. बायको परत जाऊ म्हणते, मी पावसाळा सरल्यावर बघू म्हणतो.

शाळेचं मात्र नीट ऐका. सहावीला पेप नावाची परीक्षा असते, हायस्कूल कुठलं मिळणार ते तिच्यावर ठरतं. आमची लेक ऐन त्याच वर्षी आली. गणितात कुणाला ऐकणारी नव्हती. पण समाजशास्त्रात नॅनी, सॅम शार्प हे इथले राष्ट्रवीर, इथले परगणे; आणि तिला तोंडपाठ होतं चौथीतलं शिवाजी महाराजांचं पुस्तक. जी शाळा मिळाली ती आमच्या यादीतच नव्हती. अर्ज-विनंत्या केल्या, कुणी दाद दिली नाही. ती आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे, मैत्रिणींशी झकास पटवा, म्हणजे इथली बोली, बोलते, तिला त्या शाळेचं काही वाटत नाही. मलाच वाटतं, आणि तुमचा प्रश्न वाचून पुन्हा वाटलं. शेळ्यांपेक्षा यावरच जास्त लिहिणार होतो, आवरतं घेतलं.

तुमची लेक कितवीत आहे ते लिहिलं नाहीत. पाचवी-सहावीत असेल तर तुम्ही आधी एकटे या.