बाळंतपणाला सव्वा महिना झाला, खोकताना लघवी सुटते. कापूस वेचायला जाऊ का?

अजून दीड महिना तरी थांबा, पण ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आजच सुरू करा. प्रसूतीत हेच स्नायू ताणले गेलेत, आणि खान्देशात वेचणीला कमरेला बांधतात ती झोळी भरत जाते तसा त्यांच्यावर दाब वाढतो. वायू रोखताना आवळतो तसे आवळून वर ओढा, 5 ते 10 सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असे 8-10 वेळा, दिवसातून तीनदा, किमान 3 महिने. श्वास कोंडू नका, मांड्या-नितंब आवळू नका (बहुतेकींचं इथेच चुकतं). लघवीची धार मध्येच रोखून सराव नको, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. खोकण्याआधी, हंडा उचलण्याआधी आवळा. मात्र अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल किंवा लघवीला जळजळ असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.