कडुनिंबाचा साबण करताय? ताजा रस नको
ताई, पाल्याचा ताजा रस साबणात ओतू नका. तयार बेसमध्ये (वितळवून साच्यात ओतायच्या साबणात) त्याला बुरशी येते, आणि हिरवा रंग तसाही तपकिरी पडतो. त्यापेक्षा सावलीत वाळवलेला पाला खोबरेल तेलात मुरवा, गाळून तेच तेल घ्या. कडुनिंबाचं तेल एकूण तेलाच्या 10 टक्क्यांच्या आतच ठेवा. त्यापुढे वास घरात कुणी खपवून घेत नाही. तेलापासून साबण बनवायला लागणारा कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. वड्या 4 ते 6 आठवडे हवेशीर जागी ठेवा. वेष्टनावर ‘जंतुनाशक’ छापायची घाई मात्र करू नका. जंतू मुख्यतः फेसाबरोबर धुऊन जातात. सोड्याच्या माऱ्यातून अर्कातलं काय टिकलं, ते प्रयोगशाळेतच कळतं. विकणार असाल तर एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना आधी काढा.