नुसती प्रार्थना पुरते का?

प्रश्न: आई रोज येशूकडे प्रार्थना करायची, कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची (पाण्याने ख्रिस्ती दीक्षा घेण्याची) तारीखही ठरलेली, पण चार दिवस आधीच गेली. तिचं तारण (पापांतून मुक्ती) झालं असेल ना? – एक लेक, ऐरोली

उत्तर: ताई, आधी डोळे पुसा. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराला कुठे बाप्तिस्मा मिळाला होता, त्याने फक्त माझी आठवण ठेव म्हटलं आणि येशूने त्याला तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं सांगितलं. आणि तुमचं चर्चही हेच शिकवतं, बाप्तिस्म्याच्या तयारीत असताना माणूस गेला तर त्याची इच्छा, पश्चात्ताप आणि प्रेम तारणाला पुरतं.

म्हणून बाप्तिस्मा टाळायचा असं नाही हं! शौल (पुढे प्रेषित पौल झाला तो) दिमिष्कात, म्हणजे दमास्कस शहरात, तीन दिवस न खाता-पिता, डोळ्यांना काही दिसत नसताना प्रार्थना करत होता, तरी हनन्या नावाच्या शिष्याने त्याला ऊठ, बाप्तिस्मा घे असंच सांगितलं. बाप्टिस्ट मंडळी (एक प्रोटेस्टंट पंथ) मात्र तारण विश्वासाने आणि बाप्तिस्मा ही त्याची साक्ष असं मानतात.

आणि एक, घरात कुणी अगदी शेवटच्या घटकेला असेल आणि त्याला बाप्तिस्मा हवा असेल तर फादरची वाट बघत बसू नका, कुणीही स्टीलच्या पेल्यातलं साधं पाणी डोक्यावर ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तो देऊ शकतं.