आजोबांचं लंबकाचं घड्याळ चावी दिली तरी पाच मिनिटांत बंद पडतं, घरी दुरुस्त होईल का?

होईल, आणि बऱ्याचदा मशीन उघडावंही लागत नाही. चावी देऊन लंबक हलवा आणि डोळे मिटून नुसतं ऐका. टिक... टॉक... टिक... टॉक सारख्या अंतराने येतंय की टिक-टॉक...... टिक-टॉक असं लंगडतंय? लंगडत असेल तर घड्याळाची खालची बाजू डावीउजवीकडे अगदी थोडी थोडी सरकवत बघा, आवाज सारखा झाला की भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा. आमच्याकडचं रंगकामानंतर बंद पडलं होतं, ते एवढ्यानेच चालू झालं, ऐकून आई रडलीच.

तरी थांबत असेल तर बहुतेक जुनं तेल चिकट झालंय. ते साफ करून घड्याळाचंच तेल घाला (खोबरेल अजिबात नको!), चाकांच्या दांड्या प्लेटमध्ये (मशीनच्या पुढच्या-मागच्या धातूच्या पत्र्यात) जिथे फिरतात तिथे सुईच्या टोकाने इवलासा थेंब, दात्यांना नाही. आणि प्लेट खोलायची असेल तर आधी स्प्रिंगला दिलेली चावी पूर्ण उतरवून, म्हणजे तिचा ताण सोडवून घ्या, भरलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटं फाटतात, ते जमत नसेल तर सरळ घड्याळजीकडे न्या.

चालू झाल्यावर पुढे जायला लागलं तर लंबकाखालचा नट फिरवून गोळा किंचित खाली घ्या, मागे पडलं तर वर.