पाय नसलेली सापसुरळी

प्रश्न असा आहे: टांझानियाच्या जंगलातल्या ‘मेलानोसेप्स’ या बिनपायांच्या स्किंकबद्दल मराठीत लिहायचंय, तर ‘बिनपायांचा सरडा’ म्हणावं की ‘सापासारखी पाल’?

दोन्ही नकोत. सगळ्या ‘लिझर्ड’ना मिळून एकच शब्द आपल्या बोलण्यात नाही. भिंतीवरची ती पाल, कुंपणावरचा तो सरडा, मोठी ती घोरपड आणि पालापाचोळ्यातून सळसळत जाणारी, तेल लावल्यासारखी चकचकीत ती सापसुरळी. स्किंक म्हणजे हीच. काही जण तिला सापाची मावशीही म्हणतात. (मांजराला वाघाची मावशी ठरवणाऱ्यांनीच हेही नातं लावलं असावं.)

तेव्हा सरळ ‘बिनपायांची सापसुरळी’ लिहा. ‘अपाद’ शुद्ध असेल, पण वाचक अडखळेल. ‘वाळा’ तर अजिबात नको. जमिनीत राहणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा खराखुरा साप आहे.

गंमत तिच्या शास्त्रीय नावात आहे. ग्रीक ‘मेलास’ म्हणजे काळा. ‘सेप्स’ हे जुन्या ग्रीकांचं एका विषारी प्राण्याचं नाव. तो चावला की मांस सडतं अशी त्यांची समजूत होती. कुजण्या-सडण्याचा हाच धातू आपल्या ‘जखम सेप्टिक झाली’मध्येही आहे. यातली ‘मेलानोसेप्स आटर’ ही जात प्राणिशास्त्रज्ञ गुंथरने 1873 मध्ये नोंदवली, आणि ‘आटर’ म्हणजे लॅटिनमध्ये पुन्हा काळाच! थोडक्यात काळीकुट्ट. प्रत्यक्षात हा बिचारा जीव मातीत आणि कुजक्या पानांखाली किडे शोधत फिरणारा, विषाचा थेंबही नसलेला. आपल्याकडेही सापसुरळी विषारी असते असं छातीठोकपणे सांगणारे भेटतातच. बदनामी दोन्ही भाषांनी केली. आपण निदान मावशी तरी म्हटलं.

आणि हा प्रकार फक्त आफ्रिकेतला नाही. सापसुरळ्यांच्या कुळात उत्क्रांतीच्या ओघात पाय गळून पडण्याची गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी, स्वतंत्रपणे, अनेकदा घडली आहे. ओडिशातल्या चिलिका सरोवरात बरकुडा नावाचं बेट आहे. तिथल्या बिनपायांच्या सापसुरळीला 1917 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी बेटावरूनच ‘बरकुडिया’ नाव दिलं. तिच्यासाठीही हाच शब्द चालेल.

लिंग मात्र लेखभर स्त्रीलिंगीच ठेवा. पहिल्या परिच्छेदात ‘ती’ आणि तिसऱ्यात ‘तो’ झाला, की वाचकाला पुन्हा साप दिसू लागतो.